दारू सुटते, पण एकट्याने नाही!



दर पौर्णिमेला आपण विहारात जमतो. हात जोडून त्रिसरण-पंचशील ग्रहण करतो. त्यातले पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची. आपल्या घरातल्या शाळकरी मुलांनाही हे पाठ आहे. मग विहारातून परतताना गल्लीच्या तोंडाशी जो पडलेला दिसतो, तो कोण? तो परका नसतो. त्यालाही पंचशील पाठ असते. कित्येकदा तर पिऊन आल्यावर तो इतरांपेक्षा मोठ्या आवाजात म्हणतो.

याचा अर्थ असा की, शील ठाऊक असणे वेगळे आणि ते पाळता येणे वेगळे. या दोहोंमध्ये जो माणूस अडकला आहे, त्याच्यासाठी आपण काय करतो? आपण त्याला समजावतो, शपथा घालतो, चारचौघांत अपमान करतो, आणि शेवटी सोडून देतो. या लेखात आम्ही एका निराळ्या वाटेची माहिती देणार आहोत. ही वाट आपल्या नाशिकमध्येही आहे. तिला पैसे लागत नाहीत. तरीही ती आपल्या वस्त्यांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

द्राक्षांचे गाव, दारूचे गाव

नाशिकची द्राक्षे जगभर जातात. शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले आणि नाशिकची ओळख वाईनचे शहर अशी झाली. पर्यटक हौसेने येतात, फोटो काढून जातात. परंतु सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून पाळी सुटल्यावर जो कामगार देशी दारूच्या दुकानापाशी थांबतो, त्याचा या हौसेशी काही संबंध नाही. तो थकवा घालवायला थांबतो, मग सवयीने थांबतो, आणि एक दिवस असा येतो की थांबल्याशिवाय त्याच्या हाताचा कंपच जात नाही.

हा प्रश्न फक्त आपल्या समाजाचा आहे असा न्यूनगंड कोणी बाळगू नये. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. तीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना दारूमुळे मदतीची गरज आहे. पण खरी धक्कादायक गोष्ट पुढेच आहे. दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाला होता. बाकीचे ३७ जण घरात, गल्लीत आणि बायको-मुलांच्या जिवावर आपापला निकाल लागण्याची वाट पाहत बसलेले.

सहा तोटे त्याला पाठ आहेत

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला दारूचे सहा तोटे सांगितले आहेत. पैसा जातो, भांडणे वाढतात, रोग होतात, अब्रू जाते, लाजलज्जा सुटते आणि बुद्धी क्षीण होते. अडीच हजार वर्षे झाली, यात सातवा तोटा घालावा किंवा एखादा गाळावा असे झालेले नाही. व्यसन न लागलेल्या तरुणाने हे सहा तोटे ऐकले तर तो सावध होईल. पण जो अडकला आहे, त्याला हे सहाही तोटे आपल्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक असतात. तो ते रोज भोगतो. म्हणून नुसते व्याख्यान देऊन त्याची दारू सुटत नाही.

दारूचे व्यसन हा आजार आहे, असे वैद्यकशास्त्र सांगते. अमेरिकेच्या वैद्यक संघटनेने १९५६ साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, तसा ठराव केला. आजार म्हटले की काहींना राग येतो. ते म्हणतात, "आजारी म्हणून त्याचे लाड करायचे काय?" नाही. मधुमेह झालेल्यालाही आपण लाडू देत नाही. पण त्याला शिव्याही देत नाही. आजार म्हणजे जबाबदारीतून सुटका नव्हे. उपचार घेण्याची जबाबदारी त्याच्यावर येते, आणि उपचारापर्यंत नेण्याची आपल्यावर.

या बाबतीत विनयातली एक कथा आम्हाला फार मोलाची वाटते. सागत नावाचे एक थेर होते. एका उग्र नागाला त्यांनी शमवले म्हणून त्यांची मोठी कीर्ती झाली. कोसंबी नगरीत ते भिक्षेला गेले, तेव्हा कौतुकाने घरोघरच्या लोकांनी त्यांना मद्य पाजले. परिणाम असा झाला की ते नगराच्या वेशीतच कोसळले. तथागत भिक्खूंसह तिथून चालले होते. त्यांनी काय केले? 'पडू द्या याला इथेच' असे म्हटले नाही. भिक्खूंना सांगून त्यांना उचलून आरामात आणवले. त्यानंतर भिक्खूंनी मद्य पिऊ नये असा नियम घातला. नियम मोडणाऱ्याला संघाबाहेर काढायची शिक्षा त्यात नाही. आपला दोष दुसऱ्या भिक्खूजवळ कबूल करणे एवढेच त्यात आहे. आधी उचलले आणि मग नियम सांगितला, हा क्रम आपण उलटा करून ठेवला आहे.

दोन दारुडे आणि एक टेलिफोन

आता मूळ विषयाकडे येऊ. १९३५ साल आपल्या नाशिक जिल्ह्याला कधी विसरता येणार नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्याच्या पाचच महिने आधी अमेरिकेतल्या ॲक्रन नावाच्या गावात दोन माणसे एकमेकांना भेटली होती. त्या दोन घटनांचा काही संबंध नाही, पण साल लक्षात राहावे म्हणून सांगतो.

त्यातला एक न्यूयॉर्कचा शेअर दलाल, बिल विल्सन. दारूपायी धंदा बुडालेला, इस्पितळाच्या वाऱ्या केलेला, नुकतीच काही महिन्यांपूर्वी दारू सोडलेला. ॲक्रनला तो धंद्याच्या कामासाठी आला होता आणि ते काम फसले. हॉटेलच्या एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. आता आपण पिणार, हे त्याला कळून चुकले. त्याने बारकडे न जाता टेलिफोन उचलला आणि ओळखीपाळखीतून दुसरा एखादा दारुडा कुठे भेटेल का, याची चौकशी सुरू केली. त्याला डॉ. बॉब स्मिथ हे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर भेटले. तेही दारूत बुडालेले. दोघे तासन् तास बोलत बसले. बिलने त्यांना उपदेश केला नाही, स्वतःची कहाणी सांगितली. १० जून १९३५ रोजी डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला. तोच दिवस 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' म्हणजे 'एए' या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो.

यातले मर्म ध्यानात घ्या. स्वतःची दारू लांब ठेवण्यासाठी त्याला दुसऱ्या दारुड्याची गरज लागली. मदत देणारा आणि मदत घेणारा असे दोन वर्ग तिथे नाहीत. जो बोलतो तोही बरा होतो, जो ऐकतो तोही. भारतात हे काम १९५७ साली दिल्ली आणि मुंबईत सुरू झाले, आणि आज महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत, नाशिकमध्येही, असे गट भरतात.

यावर संशोधनही झाले आहे. कोक्रेन या वैद्यकीय संस्थेने २०२० साली २७ अभ्यासांची छाननी प्रसिद्ध केली. त्यांत मिळून १०,५६५ माणसे होती. दारूपासून संपूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत एए, आणि माणसाला एएकडे पद्धतशीरपणे नेणारे समुपदेशन, हे इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. यातले बरेच अभ्यास परदेशातले आहेत. पण फुकटात मिळणारी गोष्ट महागड्या उपचाराच्या तोडीस तोड उतरते, हे गरीब माणसासाठी थोडे नाही.

त्या खोलीत काय चालते?

एएच्या मीटिंगा दोन प्रकारच्या असतात. बंद मीटिंगला फक्त दारूचा त्रास असलेली माणसे बसतात. खुल्या मीटिंगला नातेवाईक, कार्यकर्ते, कोणीही जाऊ शकते. आम्ही खुल्या मीटिंगला बसलो आहोत. तिथे कोण काय बोलले, ते आम्ही इथे लिहिणार नाही. तिथले तिथेच ठेवायचे, हा त्या खोलीचा पहिला नियम आहे आणि तो आम्ही पाळतो. रीत कशी असते, एवढे मात्र सांगता येईल.

जागा म्हणजे बहुधा एखाद्या शाळेचा वर्ग, नाहीतर चर्च किंवा संस्थेची खोली. बालवर्गाच्या बाकांवर मोठी मोठी माणसे गुडघे दुमडून बसलेली. वेळ बहुधा संध्याकाळची, तास-दीड तास. सुरुवातीला कोणीतरी बारा पायऱ्यांचे वाचन करतो. मग एकेक जण उभा राहतो, आपले नाव सांगतो, आपण दारुडे आहोत हे सांगतो आणि आपला अनुभव सांगतो. मध्ये कोणी टोकत नाही, प्रश्न विचारत नाही, सल्ला देत नाही. शेवटी चहा. एक पिशवी फिरते, तीत ज्याला जमेल त्याने पाच-दहा रुपये टाकायचे, नसतील तर नाही टाकायचे. त्यातून खोलीचे भाडे आणि चहा भागतो. बाहेरच्या कोणाकडून देणगी घ्यायची नाही, असा त्यांचा दंडक आहे. फी नाही, अर्ज नाही, रजिस्टर नाही. दारू सोडण्याची इच्छा असली की तो माणूस सदस्य झाला.

दारू जन्मभर सोडायची, अशी शपथ तिथे घ्यायला लावत नाहीत. फक्त आजचा दिवस प्यायची नाही. उद्याचे उद्या. शपथा मोडून मोडून ज्याचा स्वतःवरचा विश्वास उडाला आहे, त्याला चोवीस तास हा हिशोब पेलतो. नव्या माणसाला एखादा जुना सदस्य सोबती म्हणून मिळतो. त्याला 'स्पॉन्सर' म्हणतात. प्यायची इच्छा झाली की रात्री-अपरात्री त्याला फोन करायचा.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांनी मुद्दाम ऐकावी. त्या खोलीत फक्त पहिले नाव विचारतात, आडनाव नाही. गोऱ्या लोकांच्या देशात हा नियम बदनामी टळावी म्हणून आला. पण आपल्या देशात आडनाव न विचारणे याचा अर्थ किती मोठा होतो, हे भाड्याची खोली शोधताना पहिला प्रश्न आडनावाचाच ऐकलेल्या माणसाला सांगायला नको. तिथे कंपनीचा मॅनेजर आणि बिगारी एकाच बाकावर बसतात आणि दोघेही एकमेकांच्या उष्ट्या आयुष्याचे साक्षीदार होतात.

देवाचे काय?

आमच्याकडे या विषयावर बोलायला येणारे बहुतेक बौद्ध बांधव एक शंका हमखास काढतात. "तिथे देवाचे नाव घेतात, प्रार्थना म्हणतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने तिथे कसे बसायचे?" शंका रास्त आहे आणि तिला सरळ उत्तर दिले पाहिजे.

बारा पायऱ्यांमध्ये आपल्याहून मोठ्या शक्तीचा आणि देवाचा उल्लेख आहे, हे खरे. पण त्या पायऱ्या लिहिल्या जात होत्या त्या वेळीच त्यांच्यातल्या काही नास्तिक सदस्यांनी भांडून 'ज्याला जसा समजेल तसा' अशा अर्थाचे शब्द त्यात घालायला लावले. पुढे बौद्ध देशांतून विचारणा झाली की, देव या शब्दाच्या जागी चांगुलपणा हा शब्द चालेल काय? संस्थापक बिल विल्सनने १९५७ च्या आपल्या पुस्तकात याची नोंद करून स्पष्ट सांगितले आहे की पायऱ्या या सूचना आहेत, सक्ती नाही. तेव्हा आपल्या माणसाने देव मानलाच पाहिजे असे नाही. तो गटालाच आपल्याहून मोठी शक्ती मानू शकतो. शेवटच्या प्रार्थनेच्या वेळी तो गप्प उभा राहू शकतो. त्यावरून त्याला कोणी उठवून लावत नाही. अमेरिकेत तर २०१९ पासून 'रिकव्हरी धर्मा' या नावाने बुद्धाच्या शिकवणीवर उभे राहिलेले व्यसनमुक्ती गटही चालतात.

आणि खरे सांगायचे तर 'संघं सरणं गच्छामि' म्हणणाऱ्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारणच नाही. एकट्याला जे जमत नाही ते संघात जमते, म्हणून तर संघ. आपला दोष दुसऱ्या माणसापाशी मोकळेपणाने कबूल करणे ही बारा पायऱ्यांतली पाचवी पायरी आहे. सागत थेरांच्या कथेत वेगळे काय आहे?

पुण्याचे मुक्तांगण

महाराष्ट्रात या विषयाला खरी वाचा फोडली ती पुण्याच्या मुक्तांगणने. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर वृत्तपत्रातून लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक मदत देऊ केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र सुरू झाले. ते उभे केले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी. तिथे काम करणाऱ्यांत स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसे मोठ्या संख्येने आहेत. बायकांचे दुःख बायकांनीच एकमेकींना सांगावे म्हणून तिथे 'सहचरी' हा पत्नींचा गट चालतो. डॉ. अनिता १९९७ साली गेल्या, तरी काम थांबले नाही. आज त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर ते पुढे नेत आहेत. अनिल अवचट २७ जानेवारी २०२२ रोजी गेले. नेमक्या त्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला होता. त्यावरून राज्यभर मोठा वाद झाला. योगायोग म्हणून सोडून द्यायचे, की त्यातून काही समजून घ्यायचे, हे वाचकांनी ठरवावे.

एका घराची गोष्ट

आमच्या परिचयातले एक कुटुंब आहे. त्यांच्या संमतीने, पण ओळख पटणार नाही अशा रीतीने लिहितो. नवरा कंपनीत पाळीने कामाला, बायको खानावळीत पोळ्या लाटायला. दोन मुले. पगाराच्या दिवशी बायको कंपनीच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची आणि तरीही निम्मा पगार उधारीत जायचा. तिने काय केले नाही? बसस्टँडजवळच्या भिंतीवरची जाहिरात वाचून 'न सांगता दारू सोडवा' म्हणून पुडी आणली आणि चहातून दिली. नणंदेच्या सांगण्यावरून एका बाबाकडे नेले. बाबासाहेबांच्या प्रतिमेवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. चार वेळा माहेरी गेली, चार वेळा परत आली.

आमच्याकडे आली तेव्हा एवढेच म्हणाली, "दादा, हे वाईट माणूस नाहीत. पण हे आता हे राहिलेच नाहीत."

आम्ही प्रथम त्यांना सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात पाठवले. तिथून औषध सुरू झाले. गटात यायला मात्र ते तयार होईनात. "मी काय बेवडा आहे का?" हे त्यांचे पालुपद. मग एएमधले एक गृहस्थ त्यांच्या घरी आले. ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि स्वतःच्या दारूची हकीकत सांगून निघून गेले. 'तुम्ही सोडा' असे एकदाही म्हटले नाही. पुढच्या आठवड्यात आमचे हे बांधव आपणहून म्हणाले, "नुसता बसून येतो."

नुसते बसले, ते चार महिने बसत राहिले. मग एका हळदीच्या कार्यक्रमात नातेवाइकांनी आग्रह केला आणि ते घसरले. तीन दिवस घरी आले नाहीत. बायकोला वाटले, संपले सगळे. चौथ्या दिवशी ते घरी आले, आणि आंघोळ करून मीटिंगला गेले. तिथे कोणी रागावले नाही, कोणी 'आम्ही म्हणत नव्हतो का' असे म्हटले नाही. पुन्हा पहिला दिवस मोजायला सुरुवात झाली. हा लेख लिहिताना त्यांना सलग अकरा महिने झाले आहेत. पुढचे आम्ही सांगत नाही, कारण तेही सांगत नाहीत. आज प्यायले नाहीत, एवढे ते सांगतात. थोरल्या मुलीची शाळेची फी या वर्षी वेळेवर भरली गेली, हे तिची आई सांगते.

घरच्यांनी काय ध्यानात ठेवावे?

पहिली गोष्ट. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकाएकी बंद करू नका. दारू थांबल्यावर हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दोन-तीन दिवसांनी भास होऊ लागतात, माणूस बरळतो, ताप चढतो. यात जीव जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर, मग गट. गट हा औषधाचा पर्याय नव्हे, ती औषधानंतरची लांबची सोबत आहे.

दुसरी गोष्ट. चोरून द्यायच्या पुड्यांच्या नादी लागू नका. दारूबरोबर पोटात गेले की त्रास होतो असे एक औषध डॉक्टर देतात, पण ते रोग्याला सांगून, तपासून देतात. ते नकळत दिले आणि वर तो दारू प्यायला, तर उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब एकदम उतरणे असे होऊन प्राणावर बेतते. भिंतीवरच्या जाहिरातीतल्या पुडीत काय आहे, हे तर कोणालाच ठाऊक नसते.

तिसरी गोष्ट खास भगिनींसाठी. त्याची दारू तुमच्यामुळे नाही. सासू काहीही म्हणो, शेजारीण काहीही म्हणो. आणि ती एकट्या तुमच्या जोरावर सुटणारही नाही. त्याच्या वतीने कंपनीत खोटे निरोप देणे, गुत्त्याची उधारी फेडणे, यामुळे तो वाचत नाही, त्याची दारू वाचते. नातेवाइकांसाठी 'अल-अनॉन' हे वेगळे गट असतात. बिल विल्सनची पत्नी लुईस हिने १९५१ साली ते काम उभे केले. नवरा जायला तयार नसला तरी बायको स्वतः जाऊ शकते, आणि पुष्कळदा घरातला पहिला बदल तिथूनच होतो. मात्र तो हात उगारत असेल, तर आजाराच्या नावाखाली मार सहन करू नका. महिलांसाठी १८१ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक आहेत, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा तुमच्या बाजूने आहे.

चौथी गोष्ट. स्त्रियाही व्यसनात अडकतात, संख्येने थोड्या असल्या तरी. त्यांची लाज दुप्पट असते, म्हणून त्या दुप्पट लपतात. गटाचा दरवाजा त्यांनाही तितकाच उघडा आहे.

गट शोधायचा कसा?

केंद्र शासनाच्या व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक १४४४६ आहे. मानसिक आरोग्यासाठीची 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. दोन्ही फोन मोफत आहेत. त्यांना आपले गाव सांगून उपचार कुठे मिळेल ते विचारावे. सिव्हिल हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग आणि व्यसनमुक्ती केंद्राचे समुपदेशक यांना आपल्या भागातला एएचा गट कुठे आणि कोणत्या वारी भरतो, हे विचारावे. गटांच्या जागा आणि वेळा बदलतात, म्हणून जाण्यापूर्वी खात्री करून घ्यावी. पाळीत काम करणाऱ्याने आपल्या पाळीला जुळणारा वार निवडावा. पहिल्या खेपेला सोबत कोणीतरी जावे, निदान फाटकापर्यंत. पहिल्या मीटिंगला मन लागले नाही तर दुसऱ्या गटात जाऊन पाहावे. प्रत्येक गटाची माणसे निराळी असतात. आणि जिथे मोठी रक्कम उकळून माणसाला कोंडून ठेवतात, मारहाण करतात, अशा 'केंद्रां'पासून सावध राहावे.

विहाराने काय करावे?

आता थोडे आपल्या मंडळांविषयी. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पिऊन नाचणाऱ्या पोरांवर आपण दरवर्षी टीका करतो आणि ती रास्तच आहे. पण टीका करून झाल्यावर त्यातल्या एकाला तरी आपण कोणा डॉक्टरकडे, कोणा गटाकडे नेले आहे काय? विहाराच्या फलकावर वर दिलेले दोन क्रमांक लिहायला किती खडू लागतो? वर्षावासात तीन महिने प्रवचने होतात. त्यातला एक दिवस मानसोपचाराच्या डॉक्टरांना का बोलावू नये?

विहाराची एखादी खोली आठवड्यातून एक संध्याकाळ अशा गटाला देता येईल. पण एक पथ्य पाळावे लागेल. ते फुकट घेणार नाहीत, थोडे का होईना भाडे देतील, ते घ्यावे. फलकावर मंडळाचे नाव लावायचे नाही, फोटो काढायचे नाहीत, आणि कृपा करून शाल-श्रीफळ देऊन कोणाचा सत्कार करायचा नाही! दारू सोडलेल्या माणसाला व्यासपीठावर बसवले की तो गटातून उठतो, आणि गटातून उठला की त्याचे पाय पुन्हा दुकानाकडे वळायला वेळ लागत नाही.

आणि जो माणूस आज प्यालेला आहे, त्याला विहाराचे दार बंद करू नका. गोंधळ घालत असेल तर बाहेर बसवा, पाणी द्या, शुद्धीवर आल्यावर बोला. पंचशील हे शुद्ध झालेल्यांना वाटायचे प्रमाणपत्र नाही. चुकत-माकत चालणाऱ्याने रोज नव्याने ग्रहण करायचे ते व्रत आहे. म्हणून तर आपण ते एकदाच घेऊन थांबत नाही, पुन्हा पुन्हा घेतो.

ज्या घरात हा लेख वाचला जात आहे, त्या घरात असा कोणी असेल, तर आज रात्री त्याच्याशी भांडू नका. उद्या सकाळी, तो शुद्धीवर असताना, चहाचा कप पुढे ठेवून एवढेच म्हणा, "एकदा नुसतं बसून येऊ, मी येते सोबत." पहिल्यांदा तो नाही म्हणेल. दुसऱ्यांदाही म्हणेल. तिसऱ्यांदा विचारायचे सोडू नका.

जय भीम!